तांब्याचं कडं, जर्मनची काठी

आमच्या घरात जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी करायची नाही, असा आत्याबाईंचा दंडक होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्या भागात त्याला दुसरं नावच नव्हतं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी हा दंडक मोडला. हाताला लागलं ते पातेलं घेतलं, आमटी केली आणि उरलेली त्यातच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी पातेलं घासून उन्हात धरलं आणि मला तळ दाखवला. तळाला बारीक बारीक खड्डे पडले होते.

"चिंच आन् मीठ जर्मनला खातंय, कळलं का? येवढी शिकल्याली तू," त्या म्हणाल्या.

मी बी.एस्सी. झालेली होते. मला राग आला, पण खड्डे खरे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते माहिती नसल्यामुळं झालं असं मला कधीच म्हणता आलं नाही. माहिती होती. आत्याबाईंना स्वयंपाकघरापुरती होती आणि मला फळ्यापुरती.

माझं माहेर कडेगावकडचं, उसाच्या रानातलं. पाणी म्हटलं की मला विहिरीवरची मोटर आणि पाटातला ओहोळ आठवायचा. सासर मेढ्याच्या पलीकडं, कोयनेच्या धरणाच्या पाण्याला लागून. एवढं पाणी नुसतं पडून असलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. जुनं गाव त्या पाण्याखाली गेलेलं आणि काही घरं काठावर वर सरकून राहिलेली, त्यातलं आमचं एक. पलीकडच्या काठावर चार वाड्या होत्या. त्यांना बाजार, दवाखाना, शाळा, सगळं अलीकडं. मधे पाणी, आणि पाण्यावर मामंजींची नाव.

मामंजी म्हणजे माझे सासरे. फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत फिटर होते, हवालदार म्हणून घरी आले. त्यांनी नावेला जुन्या पंपाचं इंजिन बसवलं होतं आणि ते इंजिन त्यांचं एकट्याचं ऐकायचं. माझे यजमानही फौजेत. वर्षातनं दोन महिने घरी. तेव्हा घरात माणसं तीन: मामंजी, आत्याबाई आणि मी. गावच्या शाळेला आठवी-नववीचे वर्ग नुकतेच जोडले होते. तिथं मी सायन्स शिकवायचे, गणित शिकवायचे, आणि गुरुजी रजेवर असले की गाणंसुद्धा. शाळेत 'आहे' म्हणायचं आणि उंबऱ्याच्या आत 'हाय', ही कसरत मला लवकर जमली.

दुष्काळ सरला आणि पाठोपाठ डिझेल मिळेनासं झालं. मेढ्याहून रिकामा कॅन परत यायचा. नाव आठ-आठ दिवस खुंट्याला बांधलेली. वल्ही मारून तेवढा पल्ला माणसं भरून गाठायचा म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. मामंजी दोन दिवस काठावर बसून नुसते वाऱ्याकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फुकटचं इंजिन वाहतंय की हितं. शीड लावू."

शीड त्यांनी कुठल्याशा बंदराजवळच्या छावणीत असताना पाहिलेलं. आमच्या पाण्यावर ते कुणी पाहिलं नव्हतं. मांजरपाटाचे पन्ने गावच्या शिंप्यानं जोडून दिले. राहिली डोलकाठी. ती सांगलीहून आली.

सांगलीला मिरजेच्या रस्त्यावर मामंजींच्या पलटणीतल्या जोडीदाराची वर्कशॉपची शेड होती. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. हे दोघं वीस वर्षं एका तंबूत झोपलेले. त्यामुळं पत्र लिहायचं तर मामंजी दोन ओळींच्या वर लिहायचे नाहीत, आणि त्यांना पुरायचं. फौजेच्या लिलावात मिस्त्रींनी वायरलेसचा एक खांब घेऊन ठेवला होता, जर्मनचा, आतून पोकळ, एकट्या माणसानं खांद्यावर टाकावा इतका हलका. तो त्यांनी एस.टी.च्या टपावर बांधून स्वतः आणला. कंडक्टरशी साताऱ्यात आणि मेढ्यात मिळून दोनदा भांडले, ते आल्या आल्या रंगवून सांगितलं.

चार दिवस ते आमच्याकडं राहिले आणि खांब नावेत उभा केला. खाली लोखंडी पट्टा आणि बोल्ट. प्रत्येक पट्ट्याखाली, प्रत्येक बोल्टभोवती ते सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळत होते. घाई नाही. पट्टी चुकली तर काढून दुसरी. मामंजींना हसू आलं.

"स्वेटर घालतोयस व्हय रं त्येला?"

"हसू नगंस. जर्मनला दुसऱ्या धातूचा हात लागू द्याचा न्हाई. पानी मिळालं की जर्मन झिजतंय. मधी रबर पायजेच."

मी चहा घेऊन तिथंच उभी होते. म्हणजे मीही ऐकलं. पाचव्या दिवशी ते सांगलीला गेले, कुणाचा तरी नदीवरचा पंप अडला होता.

शीड पहिल्यांदा वर गेलं ते पाहायला सगळा काठ जमला. पांढरं कापड फुगलं तेव्हा एका म्हातारीनं हात जोडले, आणि तिचं बघून सगळ्यांनी. मला आधी कळेना. मग आत्याबाईंनी सांगितलं. जुन्या गावात भैरवनाथाची काठी होती. पालखीपुढं नाचवायची उंच वेळूची काठी, शेंड्याला निशाण. काठी धरायचा मान आमच्या घराचा. देव उचलून वरच्या नव्या देवळात आणला, पण वेळू कुजून गेला आणि नवी काठी कुणी उभी केलीच नाही. काठीच्या मध्यावर बसवायचं चार बोटं रुंदीचं तांब्याचं कडं मात्र आमच्या देव्हाऱ्यात होतं. इतकी वर्षं नुसतं पुजलं जात होतं.

"काठी हुबी ऱ्हायली न्हवं?" आत्याबाई मामंजींना म्हणाल्या. "मग कडं देव्हाऱ्यात कशाला?"

मामंजी देवभोळे नव्हते, पण त्यांनी कडं हातात घेऊन पाहिलं आणि त्यांच्यातला फिटर खूश झाला. शिडाच्या आडव्या काठीचा दोर जिथं खांबाला घासत होता, नेमकं तिथं ते बसत होतं. त्यांनी कडं तापवलं, उकललं आणि खांबावर ठोकून असं चपखल बसवलं की नखही आत जाईना. नारळ फुटला, गुलाल उडाला. देवाच्या कड्याखाली सायकलची ट्यूब घालायचं कुणाच्या मनात येणार? माझ्या आलं नाही. मामंजींच्याही नाही.

देवाचं तांबं काळवंडलेलं चालत नाही. रविवारी भैरवनाथाचा वार. दर रविवारी सकाळी आत्याबाई वाटीत चिंच भिजवायच्या, त्यात मीठ घालायच्या आणि नावेत जाऊन कडं घासायच्या. पुढं त्यांचे गुडघे धरले आणि नावेत चढणं जमेना, तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. मी ते मन लावून केलं, आणि खरं सांगायचं तर जरा मिरवायलाही केलं. पलीकडच्या वाडीतल्या बाया म्हणायच्या, बाईंच्या हातानं कडं लय झळकतंय. हे ऐकलं की पुढच्या रविवारी माझ्या वाटीत चिंच जास्त पडायची, मीठही. चिंचेचं पाणी कड्यावरून ओघळायचं, कड्याच्या फटीत मुरायचं, आणि मी वरून पदरानं कोरडं करायचे.

वर्षभरानं कड्याच्या खालच्या कडेला पांढरी पूड दिसायला लागली. पिठासारखी मऊ. पहिल्यांदा मला वाटलं पाखरांची घाण. मी पुसली, तर पुढच्या रविवारी परत. आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी बोटावर घेतली, वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"इबूत हाय गं, देवाचा अंगारा," त्या म्हणाल्या. "देऊळ पान्याखाली गेलं म्हनून इसरला न्हाई त्यो आमाला."

गाव पाण्याखाली जाण्याआधी त्यांच्या सासूला त्यांनी जुन्या देवळाच्या पायरीशी शेवटचं बसलेलं पाहिलं होतं. त्या पायरीचा विषय निघाला की त्या गप्प होत. त्या दिवशी त्या खूप बोलल्या. मी काय म्हणणार होते? मीही बोटभर पूड कपाळाला लावली. मग तो रिवाजच पडला. नावेत चढणारं माणूस आधी कड्याला हात लावायचं, मिळाली तर चिमूट कपाळाला. आत्याबाईंनी एका पितळी डबीत थोडी साठवली आणि कुणाचं पोर तापलं की डबी निघायची.

सोमवारी कधीकधी ती पूड माझ्या कपाळावर तशीच असायची. अशाच एका सोमवारी मी नववीला विद्युतघट शिकवला. फळ्यावर पेला काढला, त्यात दोन पट्ट्या काढल्या, एक तांब्याची आणि एक जस्ताची. दोन वेगळे धातू, मधे आंबट किंवा खारट पाणी, बाहेरून दोन्ही जोडले की वीज वाहते आणि त्यातला एक धातू झिजत जातो. मुलांनी लिहून घेतलं. मी हात झटकले आणि घंटा झाली. मला आजही त्या वर्गाची आठवण आली की कपाळ पुसावंसं वाटतं.

काठी मोडली ती दुसऱ्या वर्षी, मेच्या सुरुवातीला. दुपारच्या फेरीला पलीकडनं पंधरा-सोळा माणसं भरलेली. बाया, दोन तान्ही पोरं, लग्नाचा बस्ता. डोंगरावरून वाऱ्याचा एकच झपाटा आला आणि कड्यापाशी खांब काटकीसारखा मोडला. शिडासकट वरचा भाग मामंजींच्या खांद्यावर आदळून पाण्यात पडला. नाव एका अंगाला झुकली, पाणी आत आलं, पण उलटली नाही. मामंजींनी खांद्याचं हाड मोडलेलं असताना एका हातानं वल्हं धरून नाव काठाला लावली. मी काठावर होते. तान्ही पोरं उतरून आयांच्या कडेवर पाहिली तेव्हा कुठं मी पाण्यात उतरून नावेचा दोर धरला.

हाड बसलं, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. त्याचं मामंजींना काही नव्हतं. त्यांना एकच लागलं होतं, की माणसं भरलेली होती. आणि खांब दिला होता त्यांच्या जोडीदारानं. दोन-तीन आठवड्यांनी त्यांनी कडं उतरवून ठेवलं, मोडक्या टोकाचा हातभर तुकडा करवतीनं कापला आणि सांगलीला निघाले. मला सुट्टीत माहेरी जायचं होतं, हात गळ्यात बांधलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून मी बरोबर.

मिस्त्री शेडमध्येच होते. आम्हाला बघून उठले, "ये रं गड्या" म्हणाले, आणि मडक्यातनं पाण्याचा पेला भरून पुढं ठेवला. मामंजी बसले नाहीत. त्यांनी तुकडा त्यांच्या पायाशी टाकला.

"माणसं भरल्याली हुती नावंत. किडका खांब दिलास मला."

मिस्त्रींनी तुकडा उचलला. उजेडाला धरला. बाहेरून चार बोटं रुंदीचा पट्टा भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ झालेला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, अंगठ्याला लागलेलं पांढरं बघितलं. बोलायला तोंड उघडलं. मग माझ्याकडं पाहिलं, मी दारात पिशवी धरून उभी होते तिकडं, आणि तोंड मिटलं.

"तुला तसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय न्हाई, हायच."

"मग तसंच समज."

"आजपासनं तुझ्या हातचं पानी बंद," मामंजी म्हणाले. भरलेला पेला तसाच सोडून ते रस्त्यावर आले. एस.टी.त त्यांनी सारा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मला त्या वेळी मिस्त्रींचाच राग आला होता. चोरी पकडली गेली म्हणून गप्प बसले, असं मला वाटलं. माणसाची नजर इतकी चुकीची वाचणारी बाई मुलांचे पेपर काय तपासत असेल, असं मी स्वतःला पुढं पुष्कळदा म्हटलं.

गोष्ट गावात राहिली नाही. सांगलीच्या मिस्त्रीनं फौजेतल्या भावाला फसवलं, असं मेढ्याच्या बाजारापर्यंत झालं. खोऱ्यातल्या एका गावानं त्यांच्याकडं ठरलेलं पाइपाचं काम दुसऱ्याला दिलं. मामंजींनी ते ऐकलं आणि मान डोलावली, पण त्या दिवशी जेवले नाहीत. कडं पुन्हा देव्हाऱ्यात गेलं. नाव वल्ह्यांवर चालायला लागली.

त्या हिवाळ्यात विद्युतघटाचा धडा परत आला. मागच्या वर्षीच्या नववीनं नुसतं चित्र काढलं होतं, ह्या नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, खरंच वीज येते का?" मला तिचा प्रश्न आवडला. शाळेत जस्ताची पट्टी नव्हती आणि आम्लाची बाटली कधीच संपलेली. मी म्हटलं, घरातलं वापरू. तांबं म्हणून देवाची पळी आणली. दुसरा धातू म्हणून मोडक्या काठीची एक पट्टी शिपायाकडनं कापून घेतली. आम्ल नाही, मग चिंच भिजवली आणि त्यात मीठ घातलं. मोटरच्या जुन्या तारेचे वेढे होकायंत्राभोवती गुंडाळले आणि तारेची टोकं दोन्ही धातूंना लावली.

सुई हलली. वर्ग ओरडला. मुलांना ती पुन्हा पुन्हा हलवून बघायची होती, म्हणून मी ते सगळं तसंच टेबलावर जोडून ठेवलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडायला म्हणून गेले तर पेल्यातलं पाणी गढूळ झालेलं. पट्टी बाहेर काढली. तिच्यावर बारीक खड्डे होते, आत्याबाईंनी उन्हात धरलेल्या पातेल्यासारखे. आणि पेल्याच्या तळाशी पांढरी पूड बसलेली.

मी ती बोटावर घेतली. मऊ होती. मी खुर्चीत बसले आणि मुलांना म्हटलं, आज वाचन करा.

तांबं, जर्मन, चिंच, मीठ. चारी वस्तू मी आपल्या हातानं दर रविवारी एकत्र आणत होते. मिस्त्रींनी रबर कशाला घातलं ते मी ऐकलं होतं. संध्याकाळी गोठ्यात जाऊन पडून असलेला खांबाचा बुंधा पाहिला. लोखंडी पट्ट्याखालची ट्यूब सोडवली. आतला जर्मन नव्यासारखा चमकत होता.

आता खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पंधरा दिवस नाही सांगितलं, आणि त्याला दुसरं कुठलंही कारण नव्हतं, लाज होती. गावात मी सायन्सच्या बाई होते. लोक पत्र वाचून घ्यायला, औषधाच्या बाटलीवरचं लिहिलेलं विचारायला माझ्याकडं यायचे. शिवाय आत्याबाईंची डबी होती. त्या डबीवर त्यांनी काय काय ठेवलं होतं ते मला माहीत होतं. मी स्वतःला समजावलं, की काठी मोडून गेली, कुणी मेलं नाही, दोन म्हातारे रुसलेत ते बोलतील कधीतरी.

मग संक्रांत आली आणि टपालानं सांगलीहून तिळगुळाचं पाकीट आलं. दर वर्षी यायचं तसंच, वर त्याच अक्षरात पत्ता. मामंजींनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि न फोडता माझ्याकडं दिलं. "गुरापुढं टाक," म्हणाले.  ते पाठमोरे झाले आणि उगाच दोर गुंडाळायला लागले. फौजेत गोळीबारात उभा राहिलेला तो माणूस एका तिळगुळाच्या पुडीपुढं असा हरलेला मला बघवेना.

"मामंजी," मी म्हटलं, "खांब किडका न्हवता. मी खाल्ला त्यो."

मी त्यांना गोठ्यात नेलं, ट्यूबखालचा जर्मन दाखवला, शाळेतली पट्टी दाखवली. कडं, चिंच, मीठ, सगळं सांगितलं. आत्याबाई दारात येऊन ऐकत होत्या. मामंजींनी पट्टीवरचे खड्डे बोटानं चाचपले. "त्यानं सांगितलं हुतं," एवढंच म्हणाले. "स्वेटर म्हनून हसलो मी."

आत्याबाई आत गेल्या आणि डबी घेऊन आल्या. झाकण काढून त्यांनी आत पाहिलं.

"म्हंजे काठी झिजत हुती," त्या सावकाश म्हणाल्या, "आन् आमी ती कपाळाला लावत हुतो."

मला रडू आलं. मी म्हटलं, "आवं आत्याबाई, हात माझा हुता."

"चिंच लावाय कुनी शिकवलं तुला? मीच न्हवं?" त्यांनी झाकण लावलं. "पातेल्याला लावू नगं म्हनून मीच सांगितलं, आन् मीच लावाय दिली. ही डबी ऱ्हाऊ दे. काठीचीच हाय ती."

दुसऱ्या दिवशी मामंजींनी फौजेचा कोट घातला आणि पहिल्या एस.टी.नं आम्ही निघालो. साताऱ्यात गाडी बदलली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काय म्हनायचं असतंय गं अशा टायमाला?" मी म्हटलं, मी बोलते. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

मिस्त्री कानस मारत बसले होते. आम्हाला पाहून त्यांचा हात थांबला. 'ये' म्हणाले नाहीत. मी पुढं झाले.

"काका, खांब चांगला हुता. देवाचं तांब्याचं कडं त्याच्यावर रबराबिगर बसवलं आमी. आन् दर आयतवारी चिंचमिठानं घासलं मी. चूक माझी हाय."

"म्हाईत हाय, पोरी," ते म्हणाले.

मामंजी दचकले. "म्हाईत हाय? कवापास्नं?"

"तू तुकडा टाकलास तवाच. चार बोटाचा पट्टा खाल्ल्याला, कडंला हिरवं लागल्यालं. तांब्याबिगर हिरवं कुठनं यील?"

"मग बोलला का न्हाईस?"

"तू इचारलंस का?" मिस्त्रींचा आवाज पहिल्यांदा चढला. "वीस वर्सं एका तंबूत झोपलो आपन. तू इचाराय आला न्हवतास, सांगाय आला हुतास. आन् ही सून दारात हुबी. आता नावंत तांब्याचा पट्टा बसवायचा तर त्यो कुनाच्या तरी देव्हाऱ्यातलाच असनार. तिच्यासमोर देवाचं नाव घिऊन तुझ्या घरात भांडान लावू व्हय मी?"

 मला मेमधली ती नजर आठवली आणि मान वर करवेना.

मिस्त्री उठले. मागच्या भिंतीवर एका खिळ्याला काहीतरी टांगलेलं होतं, ते त्यांनी काढलं आणि पुसून मामंजींच्या हातात दिलं. तोच तुकडा होता. त्याच्या खाल्लेल्या भागावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती, चार बोटं रुंद, कडा सरळ कापलेल्या. वर सात-आठ महिन्यांची धूळ बसून डाग पडले होते.

"त्याच दिवशी सांजच्याला कापली," मिस्त्री म्हणाले. "म्हनलं यील कवातरी, तवा कड्याखालचं माप शोधत बसाय नगं."

मामंजींनी पट्टीवरून बोट फिरवलं. कुठं फट राहिली का ते फिटरच्या सवयीनं पाहिलं. फट नव्हती. मग ते बाकड्यावर बसले आणि तुकडा मांडीवर ठेवला.

"पानी दे," ते म्हणाले.

मिस्त्रींनी मडक्यातनं पेला भरून दिला. मामंजी तो एका दमात प्यायले आणि रिकामा पेला परत पुढं केला.